मागच्या सीटवरून पर्सिग

आमच्या घरात १९७४ सालच्या दोन गोष्टी आहेत. एक पप्पांची येझदी. दुसरी रॉबर्ट पर्सिगचं 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेन्टेनन्स' हे पुस्तक. माझ्याकडची प्रत पुष्कळ नंतरची, पुण्यात शिकत असताना रस्त्यावरच्या ढिगातून उचललेली. पण पुस्तक पहिल्यांदा छापलं गेलं ते चौऱ्याहत्तर सालीच. दोघांनीही आता पन्नाशी ओलांडली आहे. आपल्याकडे २०२१ साली आलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मोठे फेरफार न केलेली दुचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. पुस्तकांसाठी असा काही नियम नाही. जुनं पुस्तक अजून चालतं का, हे ज्याचं त्यानं किक मारून बघायचं.

गेले आठ महिने मी या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी उघडून बसते आहे. कोल्हापुरातल्या आमच्या घराला लागून पत्र्याचं एक छोटं गॅरेज आहे. त्यात एक बल्ब, एक लाकडी बाक, एक प्लास्टिकची खुर्ची आणि येझदी. पप्पांना पॅरालिसिसचा झटका आला, उजवा हात आणि पाय कमजोर झाला आणि मी लॅपटॉप घेऊन घरी परत आले. कंपनीचं काम घरूनच चालतं. रविवारी गाडी. पुस्तक रात्री.

हे पुस्तक मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी विशीत होते आणि भारावून गेले होते. आता तिशी उलटल्यावर, बोटांना ग्रीस लागलेलं असताना वाचलं, तेव्हा पानोपानी भांडण झालं. हा लेख म्हणजे ते भांडण आहे. पुस्तक वाचलं नसेल तरी हरकत नाही, गोष्ट आधी सांगते.

सतरा दिवस, एक गाडी, दोन माणसं

१९६८ सालच्या उन्हाळ्यात पर्सिग आपल्या अकरा वर्षांच्या मुलाला, ख्रिसला, मागे बसवून मिनेसोटापासून कॅलिफोर्नियाकडे निघाला. सोबत जॉन आणि सिल्व्हिया सदरलँड हे मित्र जोडपं, त्यांची बीएमडब्ल्यू. पर्सिगची गाडी होती १९६६ ची होंडा सुपर हॉक, ३०५ सीसी. ती आज अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे, पण पुस्तकात तिचं नाव कुठेच येत नाही. सतरा दिवसांच्या या प्रवासावर त्यानं जे लिहिलं ते म्हटलं तर प्रवासवर्णन, म्हटलं तर कादंबरी, म्हटलं तर तत्त्वज्ञानावरची लांबलचक व्याख्यानं. १२१ प्रकाशकांनी ते नाकारलं. छापल्यावर मात्र लाखांनी खपलं.

पुस्तकातला वाद थोडक्यात असा: काही माणसांना यंत्राचं वरवरचं रूप भावतं, आत काय चाललंय याची त्यांना भीती किंवा किळस वाटते. जॉन तसा आहे. त्याच्या महागड्या बीएमडब्ल्यूचं हँडल सैल झालं, तेव्हा पर्सिगनं बिअरच्या डब्याचा पत्रा कापून पाचर घालू असं सुचवलं. जॉन दुखावला. काही माणसांना उलट फक्त आतली रचना दिसते. पर्सिगला ही फूट सांधायची आहे. त्याचं म्हणणं, जपून, लक्ष देऊन, आपलेपणानं केलेली दुरुस्ती ही ध्यानापेक्षा वेगळी गोष्ट नाही. आणि या आपलेपणाच्या मुळाशी जे आहे त्याला तो 'क्वालिटी' म्हणतो. मराठीत 'गुणवत्ता' म्हटलं की शाळेची यादी आठवते. मी मनात 'कस' असा शब्द धरला होता. कामातला कस.

त्याखाली दुसरी गोष्ट आहे. निवेदकाला पूर्वी वेड लागलं होतं, विजेचे झटके देऊन त्याचं जुनं व्यक्तिमत्त्व पुसून टाकण्यात आलं. त्या जुन्या माणसाला तो 'फीड्रस' म्हणतो, जणू तो कुणी तिसराच आहे. मागे बसलेल्या ख्रिसला तो जुना बाप आठवतो. पुढे बसलेल्याला तो नको आहे.

नारळातला भात

आधी पर्सिगचं जे पटलं ते सांगते, कारण ते खरोखर कामी आलं.

येझदी ही टू-स्ट्रोक गाडी. पर्सिगच्या होंडाला टॅपेट होते, तो ते निगुतीनं सेट करतो. टू-स्ट्रोकला व्हॉल्व्हच नसतात, त्यामुळे टॅपेटही नाहीत. त्याऐवजी दुसरी कटकट. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं आणि ते पेट्रोलबरोबर जळणार, म्हणजे कार्बन साचणार: पिस्टनच्या डोक्यावर, प्लगवर, सायलेन्सरच्या आतल्या नळीवर. तो अधूनमधून खरवडायचा. प्लग साफ करायचा, पॉइंटची फट ०.४ मिलिमीटरला आणायची, चेनकव्हर उघडून चेनला ग्रीस द्यायचं, गिअरबॉक्सचं ऑइल बदलायचं. डाव्या पायाकडे एकच दांडा आहे, तो आत दाबून फिरवला की किक होतो आणि परत फिरवला की गिअर. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे जादूसारखं वाटतं.

गाडी थंड असताना झकास सुरू व्हायची. रंकाळ्यापर्यंत गेलं, इंजिन तापलं, की फटफट करून बंद. अर्ध्या तासानं पुन्हा सुरू. मी ठरवलं, कार्ब्युरेटरमध्ये कचरा आहे. उघडला, जेट साफ केले, बसवला. पुन्हा तेच. पुन्हा उघडला. तिसऱ्यांदा नवीन पॅकिंग आणून बसवला. माझे तीन रविवार त्यात गेले. कार्ब्युरेटर इतका स्वच्छ झाला होता की त्यात चहा पिता आला असता, आणि गाडी बंद ती बंद.

पर्सिगनं अशा फसगतींची मोठी यादी दिली आहे. उमेद खाणारे सापळे म्हणा. त्यातल्या एका सापळ्यासाठी त्यानं उदाहरण घेतलं आहे ते आपल्या दक्षिण भारतातलं: पोकळ नारळ खुंटीला बांधून आत भात ठेवतात, भोकातून माकडाचा रिकामा हात आत जातो, पण मूठ बाहेर येत नाही. मूठ सोडली तर सुटका आहे, पण भाताची किंमत माकडाच्या डोक्यात आधीच ठरलेली असते. माझा भात म्हणजे कार्ब्युरेटर. मी यूट्यूबवर ज्या गोष्टीचे सर्वांत जास्त व्हिडिओ बघितले होते, दोष तिथेच असणार, असं मी ठरवून टाकलं होतं.

दोष होता कंडेन्सरचा. अंगठ्याएवढा एक डबा. तो तापला की काम सोडायचा, मग पॉइंटवर नको एवढी ठिणगी उडायची, पॉइंट जळायचे आणि प्लगला जाणारी ठिणगी मरायची. चौथ्या रविवारी पॉइंटचं कव्हर उघडून नुसतं बघितलं असतं, तर जळका निळसर डाग दिसत होता.

पर्सिगची स्वतःचीही अशी एक फजिती पुस्तकाच्या सुरुवातीलाच आहे. जुन्या एका प्रवासात मुसळधार पावसात त्याची गाडी बंद पडली. मागे लहानगा ख्रिस. बापानं टाकी हलवून बघितली, पेट्रोल खळखळलं, मग प्लग, पॉइंट, कार्ब्युरेटर सगळं तपासलं. काही कळेना. प्रवास सोडून घरी परतले. दोन आठवड्यांनी त्याला कळलं की टाकी रिकामी होती, खळखळत होतं ते रिझर्व्हचं पेट्रोल. एक कॉक फिरवायचा राहिला होता. इतक्या मोठ्या तत्त्वचिंतकानं ही फजिती लपवली नाही, म्हणून मला तो आवडतो. लक्ष देणं म्हणजे काय, यावर त्याची जी पानं आहेत त्यांची बरोबरी करणारं लिखाण मी दुसरं वाचलेलं नाही.

रेडिओ चालू असलेलं गॅरेज

भांडण सुरू होतं ते मेकॅनिकपाशी.

पुस्तकात एक प्रसिद्ध प्रसंग आहे. पर्सिगचं इंजिन जाम झालं म्हणून त्यानं गाडी एका गॅरेजात दिली. तिथे रेडिओ मोठ्यानं चालू, पोरं चेष्टामस्करी करतायत. कुणीतरी चुकीच्या मापाचा पाना लावून टॅपेटची कव्हरं गोल करून टाकली. मग ती काढायला हातोडी आणि छन्नी. छन्नी ॲल्युमिनियमच्या कव्हरात घुसली, पुढचा घाव चुकला आणि हेडच्या दोन फिन तुटल्या. एवढं करून मूळ दोष त्यांना सापडलाच नाही. तो नंतर पर्सिगलाच सापडला: ऑइलच्या वाटेतली पंचवीस सेंटची एक पिन तुटली होती.

यावरून तो विचार करतो, की ही पोरं मूर्ख नव्हती, मग असं का केलं? आणि पुरावा म्हणून पहिलं बोट ठेवतो रेडिओवर. जो माणूस मनापासून विचार करतोय तो त्याच वेळी रेडिओ ऐकू शकत नाही. ती माणसं कामात नव्हती, कामाकडे बघत होती. प्रेक्षकासारखी.

विशीत मी इथे पेन्सिलनं रेघ मारली होती. आता त्या रेघेपाशी मला गंगावेशीतलं मिस्त्रीकाकांचं गॅरेज आठवतं.

पप्पांनी ही येझदी १९८३ मध्ये सेकंडहँड घेतली, तेव्हापासून तिला हात लावला तो मिस्त्रीकाकांनीच. मैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, सुट्टे भाग मिळेनासे झाले, तेव्हाही त्यांनी ती चालू ठेवली. किकचा बुश झिजला तर उद्यमनगरात जाऊन लेथवर नवा करून आणायचे. त्यांच्या गॅरेजात विविध भारती सकाळी सुरू व्हायची ती शटर ओढेपर्यंत. शेजारी पत्रा ठोकणारा. तीन गिऱ्हाईकं एकदम ओरडणारी. त्या गदारोळात ते स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून उभे राहायचे आणि कुठलं बेअरिंग बोलतंय ते सांगायचे.

आता त्यांची नजर कमी झाली आहे, गॅरेज बंद केलंय. कंडेन्सरच्या त्या भानगडीत मी शेवटी त्यांना रिक्षानं घरी आणलं. उजव्या बाजूच्या कव्हरचा एक स्क्रू मी स्वतःच्या हातानं बिघडवून ठेवला होता. चुकीचा स्क्रू ड्रायव्हर लावून त्याची खाच पार भुईसपाट केली होती. पर्सिगच्या पुस्तकात अडकलेल्या स्क्रूवर अख्खं प्रकरण असल्यासारखं चिंतन आहे: इथे थांबा, अडकलेपण ही शून्य अवस्था नव्हे, हाच शिकायचा क्षण. मी थांबले होते. आठवडाभर.

मिस्त्रीकाकांनी बोटानं खाच चाचपली आणि हातोडी मागितली. मग छन्नी.

मी घाबरले. पुस्तकातल्या दोन तुटक्या फिन डोळ्यांसमोर आल्या. त्यांनी स्क्रूच्या कडेला छन्नी तिरकी टेकवली, एकच छोटा ठोका मारला, थांबले, दुसरा मारला. तिसऱ्याला स्क्रू फिरला. कव्हरला ओरखडा नाही.

"दिसत नाही ना नीट, तुम्हाला कसं कळलं किती जोरात मारायचं?"

"आवाजावरनं. घट्ट असतोय तवर आवाज बारीक येतोय. सुटाय लागला की बदलतोय."

"मग गॅरेजात एवढा रेडिओ लावून कसं ऐकू यायचं?"

ते हसले. "रेडिओ कोण ऐकत हुतं? त्यो आपला असायचा."

पर्सिगला गुन्हेगार सापडले होते: रेडिओ, हातोडी, छन्नी. या तिन्ही गोष्टी आमच्या मिस्त्रीकाकांकडे होत्या आणि काम चोख होतं. म्हणजे लक्ष नसण्याची जी बाह्य लक्षणं पर्सिगनं नोंदवली ती लक्षणंच नव्हेत. ती एका शांतताप्रिय, सुशिक्षित माणसाला गॅरेजात गेल्यावर खटकलेल्या गोष्टी आहेत. त्या पोरांनी काम बिघडवलं हे खरं. पण त्याचं कारण शोधताना त्यानं त्यांचा पगार विचारला नाही, दिवसाला किती गाड्या उरकायच्या होत्या ते विचारलं नाही, त्यांना शिकवणारा कुणी होता का हेही विचारलं नाही. थेट त्यांच्या आत्म्याची तपासणी केली.

त्याचं दुसरं लाडकं सूत्र म्हणजे आधी मनाची शांतता, मग यंत्र नीट जुळतं. मिस्त्रीकाकांच्या आयुष्यात शांतता कधी होती, असं मला वाटत नाही. भाड्याची जागा, उधारी, घरचं आजारपण, हे सगळं आम्हालाही माहीत होतं. तरी ०.४ ची फट ०.४ च असायची. मग हा कस आला कुठून? माझं उत्तर असं की तो चार लोकांत राहण्यातून आला. त्यांना एका उस्तादानं डोक्यात टपल्या मारून शिकवलं होतं. गाडी बिघडली तर गिऱ्हाईक सोमवारी दारात उभं राहणार होतं. गंगावेशीत नाव जाणार होतं. पर्सिग ज्याला अंतरंगात शोधतो, ते इथे गल्लीत तयार झालं.

पुस्तकाला न्याय द्यायचा तर एक गोष्ट कबूल केली पाहिजे. शेवटाकडे पर्सिगला एक म्हातारा वेल्डर भेटतो. चेनचं कव्हर झिजून तुटलेलं, पत्रा इतका पातळ की वेल्ड करायला गेलं तर वितळायचा. तो म्हातारा तुसडा आहे, पण हात असा चालतो की पर्सिग बघतच राहतो. एक डॉलर, एवढंच तो मागतो. म्हणजे पर्सिगला कस दिसत नव्हता असं नाही. पण त्या माणसाला तो दोन पानं देतो, एकटेपणावर चार वाक्यं बोलतो आणि पुढे निघतो. प्लेटो-ॲरिस्टॉटलच्या वाट्याला मात्र प्रकरणंच्या प्रकरणं येतात.

हे आपलं काम नव्हे

पप्पा आयुष्यभर सरकारी कार्यालयात क्लार्क होते. पांढरा शर्ट, खिशाला पेन. येझदीवर त्यांचा जीव होता, रविवारी ती स्वतः पुसायचे. पण पाना कधी हातात घेतला नाही. मी मिस्त्रीकाकांच्या गॅरेजात बसून बघायला मागायचे, तर हाताला धरून बाहेर न्यायचे. "हे आपलं काम नव्हे."

या 'आपलं'मध्ये काय काय आहे, हे कळायला मला बराच वेळ लागला. मुलीचं काम नव्हे, हे एक. शिकलेल्यांचं काम नव्हे, हे दुसरं. आणि तिसरं, जे आमच्या घरात कधी उच्चारलं गेलं नाही: आपल्या जातीचं काम नव्हे.

पर्सिगच्या अमेरिकेत यंत्रापासून दुरावलेला माणूस जॉन आहे. त्याचं दुरावणं आवडीनिवडीचं आहे, त्याला नळ गळला तरी वाईट वाटतं पण वायसर बदलायचा नसतो. आपल्याकडे हे दुरावणं आवडीतून आलेलं नाही. डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये जातिव्यवस्थेबद्दल दाखवून दिलं होतं की ती कामांची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच उतरंडीत केलेली वाटणी आहे. विचार एका घरात, हात दुसऱ्या घरात. मग 'डोकं आणि हात यांच्यातली फूट' हा प्रश्न आपल्यापुढे झेननं सुटणारा राहत नाही.

म्हणूनच आजकाल जुनी बुलेट किंवा येझदी स्वतः उघडणाऱ्या आमच्यासारख्यांचे रील बघताना मला जरा अवघडल्यासारखं होतं. त्यात मी आलेच, माझेही दोन रील आहेत. काळे हात, मागे संथ गिटार, खाली हॅशटॅग. मॅथ्यू क्रॉफर्ड नावाच्या अमेरिकन लेखकानं २००९ मध्ये 'शॉप क्लास ॲज सोलक्राफ्ट' हे पुस्तक लिहिलं. शिकागो विद्यापीठाची राज्यशास्त्रीय तत्त्वज्ञानातली पीएचडी घेतलेल्या या माणसानं मोटरसायकल दुरुस्तीचं गॅरेज काढलं. पैसे घेऊन दुसऱ्याची गाडी दुरुस्त करण्यातली जबाबदारी त्याला पर्सिगपेक्षा जास्त कळते, हे पुस्तक त्या बाबतीत पुढे जातं. पण त्यानं गॅरेज निवडलं. मिस्त्रीकाकांनी निवडलं नव्हतं; शाळा सुटली आणि गॅरेज मिळालं. त्यांच्याकडे शिकायला येणारी पोरं दहा-बारा वर्षांची असायची, पेट्रोलचा डबा धरून उभी. त्यांच्यातला एकही जण कार्बन खरवडताना ध्यान लागलं असं म्हणाला नसता. माझे हात काळे झाले की लाइक मिळतात. त्यांचे हात काळे आहेत म्हणून पप्पा त्यांना आमच्या घरी ओसरीवरच चहा द्यायचे.

हे वाक्य लिहिताना मला लाज वाटते आहे, पण ते खरं आहे. कपही वेगळा होता.

पाठ

आता ख्रिसबद्दल.

अख्खं पुस्तकभर ख्रिस मागे बसलेला आहे. त्याच्या पोटात दुखतं, तो चिडतो, रडतो, कधी कधी उगाच त्रास देतो. बाप पुढे बघत 'क्वालिटी'चा विचार करत गाडी चालवतो. शेवटच्या पानांत दोघं हेल्मेट काढून निघतात, ख्रिस फूटरेस्टवर उभा राहतो आणि बापाच्या खांद्यावरून त्याला पहिल्यांदा रस्ता दिसतो. तोपर्यंत त्यानं बघितली ती बापाची पाठ. मोठा झाल्यावर मला गाडी मिळेल का, असं तो विचारतो. नीट निगा राखशील तर, असं उत्तर येतं.

मला इथे विचारावंसं वाटलं, की निगा राखायची कशी हे तू त्याला सतरा दिवसांत दाखवलंस का? गाडीची देखभाल एवढी बारकाईनं सांगणाऱ्या या पुस्तकात बापलेक एकत्र बसून गाडी खोलतायत, असं चित्र माझ्या मनात उरलेलं नाही. वाचकाला तो सगळं शिकवतो. ख्रिसला पाठ दाखवतो.

पण इथेच माझ्या भांडणाला खीळ बसते. पुस्तकाचा निवेदक आणि पुस्तक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निवेदकाला मुलगा दिसत नसला तरी पुस्तक आपल्याला तो सतत दाखवत राहतं. ख्रिसचं रडणं लिहून ठेवणारा हातही पर्सिगचाच आहे. यंत्राकडे एवढं लक्ष देणारा माणूस मागच्या सीटवरच्या पोराकडे कसं दुर्लक्ष करतो, हा पुरावा त्यानं स्वतःच गोळा करून ठेवला आहे. स्वतःविरुद्ध इतका प्रामाणिक साक्षीदार क्वचित भेटतो. १९७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत, तिथल्या झेन सेंटरजवळ, बावीस वर्षांच्या ख्रिसचा भोसकून खून झाला. १९८४ च्या आवृत्तीला पर्सिगनं जोडलेलं उत्तरकथन वाचल्यावर मूळ पुस्तक पुन्हा त्याच नजरेनं वाचता येत नाही. मला तरी आलं नाही. पर्सिग २०१७ मध्ये वारला.

मीही मागच्या सीटवरच वाढले. शाळेत सोडताना, बाजारात जाताना, जोतिबाच्या घाटात. पप्पांच्या पांढऱ्या शर्टाची शिवण मला आजही डोळे मिटून सांगता येईल. ते गाडी चालवताना बोलत नसत. उतरल्यावरही फारसं नाही.

आणि आता आठ महिने दर रविवारी मी गॅरेजात खाली बसते, गाडीकडे तोंड करून. पप्पा प्लास्टिकच्या खुर्चीत मागे. मी पर्सिगच्या चुका काढते आहे आणि त्यांना दिसते आहे माझी पाठ. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. नवा कंडेन्सर बसवला त्या दिवशी मी पॉइंटची फट मोजत होते, तेव्हा ते मागून म्हणाले, "मला काय दिसत नाही इथनं."

झटक्यानंतर त्यांचं बोलणं जड झालं आहे. एवढं वाक्य म्हणायलाही त्यांना वेळ लागतो.

मी खुर्ची पुढे ओढली, इंजिनच्या उजव्या बाजूला. फीलर गेजचं ०.४ चं पातं त्यांच्या डाव्या हातात दिलं. पॉइंटच्या मध्ये घालायचं, ना सैल ना घट्ट, लोण्यातून सुरी ओढल्यासारखं ओढलं गेलं पाहिजे, असं सांगितलं. हे वाक्य माझं नाही, मिस्त्रीकाकांचं. त्यांचा डावा हातही थरथरतो. तिसऱ्या प्रयत्नाला पातं आत गेलं. त्यांनी ओढून बघितलं. पुन्हा ओढून बघितलं.

"घट्ट हाय अजून," म्हणाले.

मी मोजून बघितलं. घट्टच होतं.

मिस्त्रीकाका त्या दिवशी तिथेच बाकावर बसले होते. मी चहा आत जाऊन आणला, तिघांचे कप सारखे. पप्पांनी ते बघितलं की नाही, मला ठाऊक नाही. ते काही बोलले नाहीत. माझ्या एका चहानं बेचाळीस वर्षांचा हिशेब फिटत नाही, हेही मला कळतं.

तर हे पुस्तक वाचायचं की नाही? वाचा. त्यातली लक्ष देण्याविषयीची पानं आज तुमच्या-माझ्यासाठी १९७४ पेक्षा जास्त गरजेची आहेत. आपल्या हातात जे यंत्र चोवीस तास असतं ते तर उघडताही येत नाही. पण पुढच्या सीटवरच्या माणसाचं सगळं खरं मानू नका. मेकॅनिकची बाजू कुणी मांडली नाही हे ध्यानात ठेवा. आणि वाचताना अधूनमधून ख्रिसकडे बघत राहा, तो काहीतरी सांगायचा प्रयत्न करतो आहे.

येझदी आता रंकाळ्याला फेरी मारून परत येते, तापली तरी बंद पडत नाही. सायलेन्सरचा कार्बन अजून काढायचा आहे. तो पुढच्या रविवारी. मिस्त्रीकाका म्हणालेत, रेडिओ आणून ठेव.